भरीव शे

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोन दिवस उरले की बोरी नदीकाठच्या एका गावात निंब वाजवायचा, ही रीत अभिमनआबांच्या आज्यापासूनची. गाव अमळनेरपासून एसटीने अर्ध्या तासावर. मारुतीच्या पारामागे तो जुना निंब, आणि त्याची एक दांडगी फांदी शाळेच्या बाजूला आडवी गेलेली. सासरहून आलेल्या लेकी आखाजीला त्याच फांदीला झोका बांधत. दोर घासून घासून तिची साल दोन जागी अशी गुळगुळीत झाली होती, की लांबून वाटावं कुणी बांगड्या घातल्या आहेत.

झोका बांधण्याआधी आबांच्या घरचा माणूस शिडी लावून वर चढायचा. हातात बाभळीच्या लाकडाची मोगरी. बुंध्यापासून टोकापर्यंत वीत वीत सरकत तो फांदी ठोकायचा आणि कान देऊन ऐकायचा. खाली सगळं गाव चिडीचूप. मग खाली उतरून तो ‘आतून घट्ट आहे’ एवढ्या अर्थाचे दोनच शब्द बोलायचा, "भरीव शे." ते ऐकलं की पोरी दुसऱ्या सकाळच्या झोक्यासाठी दोर शोधायला ओरडत पळायच्या.

नुसत्या शब्दावर मात्र गाव विसंबत नव्हतं. ज्याने फांदी भरीव म्हटलं त्याच्या घरच्या लेकीनं पहिला झोका घ्यायचा, ही रीतीची दुसरी बाजू. आबांच्या आत्यानं घेतला, बहिणीनं घेतला, आणि लग्न होऊन साक्रीला गेल्यापासून चौदा वर्षं त्यांची लेक पुनम घेत होती. बहात्तरच्या दुष्काळात लोकांनी शेळ्यांसाठी निंब ओरबाडून उघडा केला, तेव्हा आबांच्या वडिलांनी पाला नेऊ दिला, पण त्या एका फांदीला विळा लावू दिला नाही. त्या साली कुणाकडे पुरण शिजलं नव्हतं. रेशनवर आलेल्या परदेशी ज्वारीच्या, मिलोच्या, लाल भाकरी खाऊन पोरी झुलल्या. अभिमन तेव्हा चौदा-पंधरा वर्षांचे. वडील शिडीवरून उतरले, तेव्हा त्यांच्या पोटऱ्या उपासानं थरथरत होत्या, तरी त्यांनी "भरीव शे" असं म्हटलं की पलीकडच्या आळीत ऐकू गेलं. तो आवाज आबांच्या मनात पुढे पन्नास वर्षं तसाच राहिला.

वडिलांकडून आबांनी हेच शिकून घेतलं. झाडावर चढणं पुष्कळांना येतं, झाड ऐकणं फार थोड्यांना. भरीव लाकूड मोगरीला टणकन उत्तर देतं, आतून खाल्लेलं लाकूड धप्प करतं. अमळनेरच्या तेलगिरणीच्या आवारातले शिरीष, सावद्याच्या केळीवाल्यांच्या बंगल्यांपुढचे वड, शाळांमधल्या चिंचा, सगळीकडे आबांना बोलावणं असे. कोणती फांदी ठेवायची आणि कोणती उतरवायची, हे ते सांगत. तोडणाऱ्याला हात लागतात आणि राखणाऱ्याला कान, असं ते मुलाला, दीपकला, सांगायचे. दीपक दोर लावून चढण्यात पटाईत निघाला. कान मात्र त्याला आला नाही. तो पहिल्यापासून घाईचा.

पाच वर्षांपूर्वी सून आली. सारिका धुळ्याची, शेतीची पदविका घेतलेली. तिनं या धंद्यात मोबाईल आणला. एका ॲपात पानाचा फोटो घातला की झाडाचं नाव येई. दुसऱ्यात उभ्या उभ्या झाडाची उंची निघे. तिसरं वाऱ्याचा वेग आधीच सांगे, म्हणजे दीपकनं कोणत्या दिवशी वर चढू नये ते कळे. आणि एक होती झाडांची वही. तिच्यात प्रत्येक झाडाचा फोटो, घेर, कीड, कुणी तपासलं, काय सांगितलं, सगळं. नकाशावर प्रत्येक झाडाचा एक ठिपका. आबांनी भरीव म्हटलं की ठिपका हिरवा.

आबा कौतुकानं हसत. "वहीमा लिखाले काय लागस, आयकाले कान लागस," म्हणत. तिच्यावर राग नव्हता. सून कामाची होती, हे ते चारचौघांत बोलून दाखवत.

पण दोन वर्षांपासून त्यांच्या कानात काहीतरी निसटत चाललं होतं. आधी डासाचा आवाज गेला, ते बरंच वाटलं. मग पाखरांचा गेला. मग एका सकाळी गिरणीच्या आवारात शिरीष ठोकताना त्यांच्या ध्यानात आलं, की भरीव लाकडाचा तो टणका येतच नाही. बुंधा ठोका नाहीतर वाळकी फांदी ठोका, दोन्हीकडून तोच एक धप्प. जन्मभर वेगवेगळ्या आवाजांत बोलणारी झाडं आता एकाच आवाजात बोलू लागली होती. त्या दिवशी मालक समोर उभे होते. आबांनी झाडाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, पानं टवटवीत दिसली, आणि ते म्हणाले, "भरीव शे."

तसं म्हणणं फार सोपं निघालं, आणि पुढच्या वेळी त्याहून सोपं.

यंदा निंब वाजवायच्या दिवशी शेजारच्या आळीत लग्न होतं. भोंग्यावर गाणी चाललेली. दुसऱ्या कुठल्या वर्षी आबांनी शिडीला हात लावायच्या आधी पोरगं पाठवून भोंगा बंद करवला असता. एकदा तर त्यांनी वऱ्हाडातल्या ताशावाल्यालाच दम भरला होता. यंदा त्यांनी काही सांगितलं नाही. भोंगा चालू असलेलाच त्यांना बरा वाटला. सत्तरीला टेकलेला देह सावकाश शिडी चढला, मोगरी फांदीवर पडत गेली, आबांनी डोळे मिटून मान तिरपी केली, अगदी पूर्वीसारखी. खाली माणसं फांदीकडे पाहतच नव्हती, ती आबांच्या चेहऱ्याकडे पाहत होती.

धप्प. धप्प. धप्प.

ते उतरले. "भरीव शे."

पोरी ओरडल्या. पारावर पत्ते पिसत बसलेला अमृत, आबांच्या वयाचा, तोंडाचा फटकळ, सारिकाकडे वळला. ती नेहमीच्या दगडावर उभी राहून फांदीचा फोटो काढत होती. दर वर्षी त्याच दगडावरून काढायची.

"काय सूनबाई, तुना मोबाईल काय सांगस? भरीव का पोकळ?"

सारिकानं डोक्यावरचा पदर सारखा केला. "आबा, एकदा अजून बघायचं का? भोंगा थांबल्यावर. फांदी खाली आल्यासारखी दिसतेय."

आबांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पोरीनं नेमकं भोंग्याचंच नाव घेतलं होतं.

"मोबाईलले लाकूडनं काय कळस?" ते मोठ्यानं म्हणाले. "तो काय निंबवर चढस? खिशामा बसी बसी त्याले झाडं दिसतस का?"

पार हसला. अमृतनं पत्ते गुडघ्यावर आपटून दाद दिली. सारिकानं मोबाईल पिशवीत टाकला आणि ती घराकडे गेली. हसणाऱ्या माणसांत उभे राहून आबांनी तिची पाठ पाहिली. आजवर त्यांनी तिला चारचौघांत कधी खाली पाहायला लावलं नव्हतं.

संध्याकाळच्या एसटीनं पुनम आली. पिशवीतून आधी तिनं दोर काढला, हिरवा, जाड, नवा. "आबा, हाऊ दोर साक्रीना बाजारमाईन लयनू. पहिला झोका मनाच, बरं का!" लेक चाळिशीला आली होती, पण दोर दाखवताना तिचं तोंड दहा वर्षांच्या पोरीसारखं झालं होतं. आबांनी दोर हातात घेऊन पीळ पाहिला. "चांगला शे," म्हणाले. दोराबद्दल त्यांना खरं बोलता आलं, तेवढंच.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ते मोगरी काखेत मारून निघाले. झोका सकाळी आठ-नऊला बांधायचा होता. त्याआधी, गाव गप्प असताना, एकदा ऐकून पाहू. शांततेत येईल कदाचित. निंबाचा मोहोर रात्रभर गळून पाराच्या फरशीवर पसरला होता. शिडी मात्र आधीच फांदीला टेकलेली होती आणि वर सारिका होती. पदर कमरेला खोचलेला, एका हातात लाटणं, दुसऱ्या हातानं मोबाईल फांदीला घट्ट दाबून धरलेला.

दोघांनी एकमेकांना पाहिलं. आबांनी मोगरी पाठीमागे नेली, आणि नेल्यावर त्यांना कळलं की ती लपवण्याजोगी वस्तू नाही.

"तू आठे काय करी ऱ्हायनी?"

ती सावकाश खाली उतरली. उतरून समोर उभी राहिली.

"आबा, तुम्हाला ऐकू येत नाही ना?"

ती हळू बोलली होती. त्यांनी ते ओठांवरून ओळखलं. कितीतरी दिवस ते माणसांच्या ओठांकडे पाहूनच बोलत होते, आणि हे तिला ठाऊक असणार, हे त्यांना तेव्हा उमगलं. घरात ती अलीकडे त्यांच्या समोर येऊनच बोलायची. पाठीमागून कधी हाक मारायची नाही. त्यांना वाटायचं, सुनेची अदब आहे.

ते पारावर बसले. सारिकानं मोबाईल पुढे धरला. त्यावर एक काळी पट्टी होती आणि पट्टीत पांढऱ्या रेघा.

"ही आवाजाची रेघ आहे. हा बुंधा ठोकला तेव्हाचा आवाज. बघा, कशी उंच चढली आणि लगेच खाली आली. आणि ही फांदी."

दुसरी रेघ बुटकी होती, पसरट, मागे लांब शेपूट ओढत गेलेली. आबांनी मोबाईल हातात घेतला. पन्नास वर्षं ज्याला ते टणका म्हणत आले, तो असा काड्यांच्या कुंपणासारखा दिसतो, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. आणि धप्प असा दिसतो. जे कानाला येत नव्हतं ते डोळ्यांपुढे होतं, आणि त्यात शंकेला जागा नव्हती.

मग तिनं फोटो दाखवले. त्या एकाच दगडावरून काढलेले, पाच वर्षांचे पाच. पहिल्यात फांदीचं टोक शाळेच्या पत्र्याच्या वर होतं. कालच्या फोटोत ते पत्र्याच्या हातभर खाली.

"पोकळ शे," आबा म्हणाले. किती दिवसांनी हा शब्द त्यांच्या तोंडून आला.

"हो."

"तुले कवयपासून माहीत?"

"तुमच्या कानाचं? पोळ्यापासून. फांदीचं काल कळलं. तुम्ही भोंगा बंद करायला सांगितलं नाही, तेव्हा."

पिठाची गिरणी सुरू झाली असावी, कारण सारिकानं तिकडे मान वळवली. आबांना काही ऐकू आलं नाही.

"कोनले सांगशी?" त्यांनी विचारलं. विचारताना आवाज नको तितका बारीक निघाला.

सारिकानं त्यांच्याकडे पाहिलं आणि पटकन नजर काढून घेतली. म्हातारा भ्यालेला तिला पाहायचा नव्हता. "मी काय म्हणते, आबा. मी सांगते की मोबाईलमध्ये धोक्याचं दाखवतंय. ॲपमध्ये लाल आलं, म्हणून झोका दुसरीकडे बांधू. तुमचं नाव यायला नको."

आबांनी नाही म्हणायला हवं होतं. पुढे कितीदा तरी ते मनात त्या पारावर परत जाऊन बसले आणि दर वेळी त्यांनी नाही म्हटलं. पण त्या सकाळी त्यांनी मान हलवली. हो म्हणून.

आठच्या सुमाराला बाया-पोरी जमल्या. नवी लुगडी, हातांवर मेंदी, अंगावर सकाळचं ऊन. सारिका फांदीखाली उभी राहिली आणि शाळेत धडा म्हणावा तसं तिनं सांगितलं, की तिच्या ॲपात फांदी धोक्याची दाखवते आहे, इथं झोका नको.

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग कुंदाबाई पुढे आली. गावातली सगळ्यात मोठी लेक, सासर-माहेर एकाच गावात, साठीची, आखाजीची गाणी तिच्याशिवाय सुरू होत नसत.

"काय म्हननी? मोबाईल म्हने झोका नको?"

"कुंदाअक्का, फांदी आतून—"

"ओ माय! तू धुळानी. तुमनाकडे फ्लॅटमा झोका बांधतस का पंखाले? तुले काय आखाजी माहीत!"

बाया हसल्या. कुणीतरी मागून म्हणालं, "उद्या मोबाईल सांगी, पुरणमा गूळ नको टाकू." आणखी कुणी, "धनी घरमा, राज मोबाईलनं." सारिका तशीच उभी. तिच्या कपाळावर घाम आला होता, पण तो पुसायला तिनं हात वर नेला नाही.

आबा पारावर होते. गुडघ्यांवर हात ठेवून ते फरशीकडे पाहत होते. एक मुंगळा मोहोराचं फूल ओढत नेत होता. फूल फरशीच्या फटीत अडकलं, तो पुन्हा ओढू लागला. आबा मनाशी सांगत होते, झोका तर टळतोय ना? मग झालं. पोर तरणी आहे. दोन दिवस बोलतील, विसरतील. आपण उतारवयाला लागलो, आपलं एवढं एकच नाव आहे.

"वहिनी," हा पुनमचा आवाज. तो त्यांना ऐकू आला, कारण ती चिडली की बापासारखीच मोठ्यानं बोलायची. "आबाना शब्दपेक्षा तुना मोबाईल मोठा शे का? मना बापनी काल भरीव सांगं. पन्नास वरीस सांगं. कधी खोटं पडनं का?"

"पुनमताई, माझं ऐका—"

"नही आयकत. तू मना बापनं नाव घालाडाले निंघनी."

त्यावर सारिकानं आबांकडे पाहिलं. क्षणभरच. त्यात तक्रार नव्हती, नुसतं विचारणं होतं: आता काय करू? आणि आबांनी खाली पाहिलं. मुंगळा फूल सोडून गेला होता.

पुनमनं दोराचं टोक वर भिरकावलं. ते फांदीवरून पलीकडे आलं. कुणीतरी गाठ मारली, पाट अडकवला. अमृत पत्ते टाकून उठला होता. "बस माय, बस! आबानी भरीव सांगं म्हनजे भरीव," तो म्हणाला. पुनमनं पदर खोचला, दोन्ही दोर धरले आणि पाटाकडे वळली.

"पुनम, उतर," आबा म्हणाले.

ती अजून बसलीच नव्हती. कुणी ऐकलंही नाही. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे हे कळत नाही. त्यांना वाटलं आपण ओरडलो. ते पुटपुटले होते.

ते उठले. गर्दीतून वाट काढत त्यांनी झोक्याचा दोर धरला.

"माले आयकू उनं नही."

"काय म्हनतस आबा?" पुनम हसत होती. तिला वाटलं बाप पहिला झोका द्यायला आला आहे. "जोरमा सांगा."

"काल. फांदी. माले आयकू उनं नही."

आता पुढच्या दोन-तीन बायांना ऐकू गेलं. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं, आणि मागच्या त्यांना विचारू लागल्या, काय म्हणाले? अमृत कानामागे हात धरून म्हणाला, "आबा, कसाले बारीक बोलस? काय व्हयनं?"

तेव्हा अभिमनआबांना तिसऱ्यांदा सांगावं लागलं, आणि या वेळी ते त्यांच्या वडिलांनी बहात्तर साली सांगितलं होतं तेवढ्या मोठ्यानं निघालं. "माले आयकू येत नही! दोन वरीस व्हयनात. काल मी खोटं सांगं. मोबाईलनी नही, सारिकानी बी नही. मी!"

सगळीकडे शांतता झाली असावी. माणसांची तोंडं मिटलेली दिसत होती. आबांच्या हातून दोर सुटत नव्हता. पुनमनं त्यांच्या बोटांवर हात ठेवला आणि एकेक बोट सोडवलं.

त्यांनी मोगरी सारिकाच्या हातात दिली. "वाजव," म्हणाले. "बठ्ठासले, सगळा गावले, आयकू दे."

ती शिडी चढली. आधी बुंधा ठोकला. मग फांदी, बुंध्याजवळ. मग वीतभर पुढे. मग दोराच्या त्या गुळगुळीत बांगडीवर. आबा फांदीकडे पाहत नव्हते. ते खाली उभ्या माणसांची तोंडं पाहत होते, जशी काल ती त्यांचं तोंड पाहत होती. बुंध्याच्या ठोक्याला काही झालं नाही. फांदीच्या पहिल्या ठोक्याला कुंदाबाईच्या भुवया वर गेल्या. दुसऱ्याला अमृतनं तोंडातली तंबाखू थुंकली. तिसऱ्याला एका बाईनं शेजारच्या पोरीला हात धरून मागे ओढलं. फांदी काय बोलली, ते आबांना त्या तोंडांवरून कळलं.

पुनमनं पाट सोडवला, दोर ओढून घेतला. बापाकडे न पाहता ती त्याची गुंडाळी करत राहिली.

कुणी आबांना बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. बरोबरीची माणसं खाकरली, इकडेतिकडे पाहू लागली. अमृत जवळ आला, खांद्यावर हात ठेवायला म्हणून, आणि मग तो हात तसाच नेऊन त्यानं आपली टोपी सरळ केली. कुंदाबाईनं तेवढं आपलं लपवलेलं सांगितलं, "मना मोतीबिंदू मी बी वरीसभर दपाडेल व्हता, भाऊ. वहूले वाटे मी डोळा मारस." दोघी-तिघी हसल्या. आबांनाही हसायला हवं होतं. कुंदाबाईच्या मोतीबिंदूखाली कुणाची लेक उभी नव्हती.

कुंदाबाईच्याच खळ्यात दुसरा निंब होता, चाळीस वर्षांचा, तिच्या सासऱ्यानं लावलेला. झोका तिकडे न्यायचं ठरलं. सगळ्या तिकडे निघाल्या. पुनम जाता जाता वहिनीजवळ थांबली. काय बोलली ते आबांना दिसलं नाही, कारण दोघींच्या पाठी त्यांच्याकडे होत्या. सारिकानं तिच्या हातातला दोर अर्धा आपल्या खांद्यावर घेतला, एवढंच दिसलं.

आबा घरी आले. पुढे काय झालं ते त्यांना दीपकनं सांगितलं. सारिकानं खळ्यातला निंब ठोकला, मोबाईल लावून रेघ पाहिली, कान लावून ऐकलं आणि उतरून म्हणाली, "भरीव आहे." तर कुंदाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "‘आहे’ नही, माय. ‘भरीव शे’ म्हन. नहीतर आम्ही बसाऊत नही." सारिका लाजली, तिनं तसं म्हटलं, आणि पहिला झोका पुनमनंच घेतला, कारण ज्या घरचा शब्द त्या घरची लेक. सांगताना दीपक हसला. आबांनी त्याच्या ओठांवरून सगळं वाचलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

दुपारी आखाजीच्या, पितरांसाठी भरायच्या घागरीची तयारी चालली होती. सारिका आत येऊन त्यांच्या समोर बसली. समोरच, नेहमीसारखी. मोबाईलमध्ये ती पाराचा निंब भरत होती. ठिपका तिनं लाल केला, फांदी उतरवण्याची शिफारस लिहिली, पाचही फोटो जोडले. मग ती थांबली.

"आबा, कालची नोंद आहे तुमच्या नावावर. ‘भरीव’ अशी. ती खोडू का?"

"नही. ऱ्हाऊ दे. खाले लिख. तपासनारले आयकू येत नव्हतं."

तिनं लिहिलं. लिहिताना मान वर केली नाही.

"आनि गया सालनी?" आबा म्हणाले.

"गेल्या वर्षीची काय?"

आबांनी घसा साफ केला. सकाळी गावापुढे बोलले त्याहून हे अवघड होतं, कारण हे कुणी विचारलेलं नव्हतं, आणि न सांगता चाललं असतं. "गया साले बी माले आयकू उनं नव्हतं. तीन दिन पोरी झुलन्यात. पुनम झुलनी. कुंदाबाईना नातू व्हता तिना मांडीवर."

सारिकानं पायाचा अंगठा चोळला. मग हळूच विचारलं, "आणि बाकीची झाडं? बाहेरची?"

त्यांनी मोबाईलकडे बोट केलं. "नकाशा दाखाड."

तिनं नकाशा उघडला. बोरी नदीची निळी वळणं, अमळनेरची गल्ली, धुळ्याकडे जाणारा रस्ता, उजवीकडे कोपऱ्यात सावदा, आणि सगळीकडे हिरवे ठिपके. दोन वर्षांतले एकोणसाठ. किती सुंदर दिसत होते. प्रत्येक ठिपक्याखाली कुणीतरी उभं होतं, एसटीची वाट पाहत, डबा खात, गाडी लावत, आबांच्या शब्दावर विसंबून.

"ह्या बठ्ठा?" तिनं विचारलं. कुणी म्हणायला न लावता ती प्रथमच अहिराणीत बोलली होती, आणि तिच्या ते ध्यानातही आलं नव्हतं.

"बठ्ठा."

"हिरव्याचं पिवळं केलं की ‘पुन्हा तपासणी’ असं येतं," ती म्हणाली. "मी करते."

"मी करस. कसं करनं, सांग."

तिनं दाखवलं. ठिपक्यावर बोट दाबून धरायचं, मग पिवळ्यावर. आबांचं बोट मोठं, दोराच्या घट्ट्यांनी निबर; पडद्याला ते कळेना. दोनदा भलताच ठिपका उघडला. सारिकानं हात पुढे केला नाही. त्यांनी बोट धोतराला पुसलं आणि पुन्हा दाबून धरलं. गावच्या शाळेतली चिंच पिवळी झाली. ठिपक्याखाली नोंद आली: तपासणी, अभिमनआबा, भरीव.

"उद्या पहिली हाई," ते म्हणाले. "शाळा उघडाना आगोदर."

"उद्या आखाजी आहे, आबा."

"सकायमा जाऊत. घागर भराना पहिले. मोगरी तू लेजो." मग त्यांनी म्हटलं, "मी शिडी धरसू."

कुंदाबाईच्या खळ्यातून गाणी सुरू झाली असावीत. सारिकाचा पाय तालावर हलत होता. आबा खाली वाकले आणि दुसरा ठिपका शोधू लागले.